सीएनजीवर झटके, पेट्रोलवर ठीक: वॅगनआरचे स्पार्क प्लग घरीच बदलायचे आहेत

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर १.०, २०१६ ची, कंपनी फिटेड सीएनजी, के१०बी इंजिन. प्लग टाकून ३८,००० किमी झाले आहेत आणि त्यातलं बहुतेक धावणं सीएनजीवरच. पेट्रोलवर गाडी मस्त चालते. सीएनजीवर मात्र ऐरोली पुलाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून दाबलं की मिसिंग मारते, झटके खाते. ठाणे-बेलापूर रोडला एकसारख्या वेगात काही जाणवत नाही. ब्लूटूथ स्कॅनर लावला तर पी०३०२ हा बिघाडाचा कोड दाखवतो. इंजिनचा दिवा लागून राहतो, लुकलुकत नाही. एअर फिल्टर नवा आहे.

प्लग सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायचा विचार आहे. माझ्याकडे ३/८ चा रॅचेट, १५० मिमीचा एक्स्टेन्शन, १० नंबरची गोटी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) आहे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) नाही. आधी प्लग की आधी कॉइल (प्लगला ठिणगीचा व्होल्टेज देते ती)? गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, किती ठेवू? आणि टॉर्क रेंचशिवाय प्लग किती आवळायचा? ॲल्युमिनियम हेडचे आटे जाण्याची सगळ्यात जास्त धास्ती आहे.

तीन_हात_नाका

ताई, पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर चढाला झटके, हे इग्निशनच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण. त्यामागचं कारण कळलं की पुढची तपासणी सोपी जाते.

प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला किती व्होल्टेज लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: फट किती आहे आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे. सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलच्या मानाने हा व्होल्टेज मुळातच जास्त लागतो. त्यात चढाला तुम्ही कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता, सिलिंडरमध्ये हवा ठासून भरते, दाब वाढतो आणि मागणी आणखी चढते. कॉइलची ताकद मात्र ठरलेलीच असते. प्लग झिजून फट १.० ची १.३ किंवा १.४ मिमी झाली असेल तर ठिणगी पडतच नाही, नाहीतर भलतीच वाट पकडते: फट सोडून प्लगच्या चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर घसरत लोखंडी अंगाला जाऊन मिळते. सपाटीला एकसारख्या वेगात दाब कमी असतो, त्यामुळे तिथे हाच प्लग निमूट काम करतो.

म्हणूनच सीएनजी गाडीत प्लगचा हिशेब पेट्रोलवाल्यांचे किलोमीटर बघून करू नये. गॅसबरोबर पेट्रोलच्या वाफेचा गारवा येत नाही, टोकं जास्त तापतात आणि लवकर झिजतात. साध्या निकेलच्या प्लगवर ३८,००० किमी, तेही बहुतेक सीएनजीवर, म्हणजे तो सेट संपलेला आहे असंच धरा. बदलाल तेव्हा तिन्ही एकदम बदला.

पण नवे प्लग आणायच्या आधी एक फुकटातली तपासणी करा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. तीन सिलिंडरच्या इंजिनात तो मधलाच, त्यामुळे कुठून मोजायचं हा प्रश्नच नाही. मधली कॉइल तिसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल करा. मधला प्लग पहिल्याच्या प्लगशी अदलाबदल करा. एकाच वेळी, पण दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. कोड पुसा आणि सीएनजीवर तोच चढ, तोच गिअर, तसंच दाबून चढवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०१ झाला तर प्लगबरोबर गेला. पी०३०२ जागचा हलला नाही तर प्लग-कॉइलवर पैसे घालू नका, दोष त्या सिलिंडरमध्येच आहे: कॉइलचा कनेक्टर, कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टर. तुमची तक्रार फक्त सीएनजीवर आहे, तेव्हा मधल्या सिलिंडरचा सीएनजी इंजेक्टरसुद्धा संशयितांच्या यादीत ठेवा. ते काम मात्र घरी करायचं नाही, गॅस लाइनला हात लावायचा नाही.

आणि दिवा लुकलुकायला लागला तर पाय हलका करा आणि पेट्रोलवर घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतोय. कन्व्हर्टर आतून वितळला तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो.

कळवा_खाडी

निदान वर आलंच आहे, मी प्रत्यक्ष कामाचं लिहितो.

इंजिन पूर्ण गार हवं. गाडी लावून किमान तीन-चार तास, त्यापेक्षा सकाळी पहिलं काम हेच करा. गरम ॲल्युमिनियम मऊ असतं आणि प्लगचं पोलाद त्याच्यापेक्षा कमी फुगतं. गरम असताना प्लग काढला की हेडचे आटे प्लगला चिकटून बाहेर येतात. तुमची जी धास्ती आहे, ती निम्मी या एका नियमाने जाते.

सोसायटीत तळघराचं पार्किंग असेल तर गाडी बाहेर उघड्यावर घ्या. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळती असली तर छताखाली साठतो. बॉनेट उघडल्यावर गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा.

के१०बी मध्ये एअर फिल्टरचा डबा इंजिनच्या डोक्यावरच बसतो, कॉइल त्याच्याखाली असतात. डब्याचे १० नंबरचे बोल्ट, थ्रॉटल बॉडीकडची (इंजिनात हवा जाते त्या तोंडाची) क्लॅम्प आणि ब्रीदरचा पाइप सोडवून डबा उचला. बोल्ट कुठला लांब, कुठला आखूड हे फोटोत टिपून ठेवा. डबा निघाला की थ्रॉटल बॉडीचं तोंड उघडं पडतं, त्यात स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं घाला. एखादा वॉशर आत पडला तर पुढचा सगळा दिवस त्याला शोधण्यात जाईल.

आता कॉइल. कनेक्टरचं लॉक आधी दाबायचं, मग कनेक्टरच्या प्लास्टिकला धरून ओढायचं. वायरला धरून कधीच नाही. आठ-दहा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं हे प्लास्टिक पापडासारखं मोडतं, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायच्या फंदात पडू नका. कॉइलचा १० चा बोल्ट काढा. कॉइल सरळ वर ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवा, म्हणजे आतला रबरी बूट प्लगपासून सुटतो. नाहीतर बूट फाटून अर्धा आतच राहतो. प्रत्येक कॉइलवर मार्करने १, २, ३ लिहा.

कॉइल निघाली की प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, टॉर्च मारून बघा. आपल्याकडे तिथे तीनच गोष्टी सापडतात: धूळ, पाणी, ऑइल. घोडबंदर रोडला रोज जाणाऱ्या गाडीत बांधकामाची बारीक रेती असतेच. ती प्लग काढल्यावर सिलिंडरमध्ये पडली की लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे. म्हणून डोळ्यांना चष्मा लावून विहिरीत हवा मारा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा इन्फ्लेटर आणि पुढे बारीक नळी एवढं पुरतं. मग प्लग फक्त पाव फेरा सैल करा आणि परत हवा मारा. आट्यांच्या बुडाशी अडकलेली घाण या दुसऱ्या वेळेला निघते. त्यानंतरच प्लग पूर्ण बाहेर काढा.

गोटी साधी चालणार नाही. आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी घ्या, नाहीतर सैल झालेला प्लग वर येणारच नाही. हेक्स १६ आहे की १४ हे एक कॉइल काढून आधी बघा, मग गोटी विकत घ्या. भिंत पातळ असलेली घ्या, जाड गोटी विहिरीत उतरत नाही.

सैल करताना प्लग जड जात असेल तर जोर लावून पुढे रेटू नका. अष्टमांश फेरा सोडा, परत आवळा, आट्यांशी दोन थेंब गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा, मग पुन्हा मागे-पुढे करा. करकर आवाज येतोय आणि जड जातंय म्हणजे आट्यांत कार्बन आहे. तो थोडाथोडा बाहेर येऊ द्यायचा.

नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूला ठेवा. ८ मिमीच्या आसपासची रबरी पेट्रोल नळी, वीतभर, प्लगच्या डोक्यावर घट्ट खोचा आणि नळीनेच प्लग आत सोडून फिरवा. आधी उलटा फिरवा, आटा जुळल्याचा हलका टक् जाणवला की सरळ. प्लग तिरका लागला तर नळी प्लगवरच घसरते, हेडला काही होत नाही. रॅचेटला ही समज नाही, तो तिरका प्लगही खुशाल आत नेतो. प्लग तळाला टेकेपर्यंत सगळे आटे नळीने किंवा नुसत्या एक्स्टेन्शनला बोटांनी फिरवूनच गेले पाहिजेत. मध्ये कुठे अडला तर पूर्ण बाहेर काढून पहिल्यापासून.

कॉइल बसवताना बूटच्या आतल्या ओठाला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी बूट चिकटत नाही आणि ओल आत शिरत नाही. कॉइल दाबल्यावर खाली प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. ते कळल्याशिवाय बोल्ट लावू नका, बोल्टने खेचून बसवली तर कॉइलचा कान तुटतो. आणि कॉइल बाहेर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारून ठिणगी बघायचा जुना प्रकार इथे करू नका. कॉइल जळते, आणि सीएनजी गाडीत उघडी ठिणगी कशाला हवी.

पारसिक_हिल

आवळण्याचं मी सांगतो, कारण बहुतेकांचे आटे जातात ते इथेच.

आकडा गाडीच्या नावावर नाही, आट्याच्या व्यासावर ठरतो. ॲल्युमिनियम हेड आणि वॉशरवाला प्लग असेल तर १४ मिमी आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनचा वेगळा आकडा दिला असेल तर तो शेवटचा शब्द. आटे कोरडे आणि स्वच्छ असतील तरच हे आकडे लागू.

टॉर्क रेंच नसेल तर कोनाचा हिशेब करा. १४ मिमीचा नवा वॉशरवाला प्लग बोटांनी टेकला की तिथून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. फिरताना वॉशर दबतोय हे हाताला नरम-नरम लागतं, मग एकदम कडक होतं. त्या कडकपणाला थांबायचं. बारीक आट्याच्या प्लगला डब्यावर छापलेला कोन बघा. एकदा दबलेला वॉशर असलेला जुना प्लग परत लावत असाल, म्हणजे वर सांगितलेली अदलाबदल करताना, तर टेकल्यावर फक्त बारावा भाग फेरा, घड्याळाच्या तासाच्या काट्याने एक आकडा सरकावा तितकाच. इथेच लोक सवयीने अर्धा फेरा मारतात आणि आटे घालवतात.

जोराचा अंदाज हवा असेल तर: २५ सेंमीच्या दांड्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर म्हणजे २५ न्यूटन-मीटर. तुमचा रॅचेट आखूड असेल तर तेवढ्यासाठी जोर जास्त लागेल, लांब असेल तर कमी. पाइप घालून दांडा वाढवणं तर विसराच.

टॉर्क रेंच घ्यायचाच असेल तर ५ ते २५ किंवा १० ते ५० च्या टप्प्यातला घ्या. चाकाच्या नटांसाठीचा २८ ते २१० वाला इथे कुचकामी आहे, कारण टप्प्याच्या अगदी तळाशी कुठलाच रेंच भरवशाचा नसतो.

सैल राहिलेला प्लगही वाईटच. प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये जाते. सीट नीट टेकली नाही तर प्लगचं टोक लालबुंद होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं.

जुना_स्पेअरवाला

आट्यांना कॉपर ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, म्हणून बोलतो. आजच्या प्लगवर मुलामा असतो, त्याला वंगण लागत नाही. प्लग बनवणारी एनजीके कंपनी स्वतःच लावू नका म्हणते. वंगण लावलं की तोच आकडा वाचून प्रत्यक्षात प्लग कितीतरी जास्त आवळला जातो, वाढ ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. १२ मिमीचा आटा जायला तेवढं पुरेसं आहे.

कळवा_खाडी

सहमत. जुना, मुलामा नसलेला काळा प्लग असेल तर गोष्ट वेगळी, पण तसले प्लग आता सहसा दुकानात दिसत नाहीत.

जुना_स्पेअरवाला

प्लग निवडण्याबद्दल. मॅन्युअलमधला नंबर अक्षरशः जसाच्या तसा द्या. ‘याच्या जवळचा’ म्हणून दुकानदाराने दिलेला घेऊ नका. एनजीकेच्या नंबरमधला आकडा हीट रेंजचा, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर सोडतो याचा असतो आणि आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. एका कंपनीचा ७ बघून दुसरीचा ७ घेतला तर घोटाळा होतो. आपल्याकडे अजून कोणताही प्लग मागताना ‘मायको’ म्हणणारे लोक आहेत. बॉशच्या इथल्या कंपनीचं ते जुनं नाव, २००८ मध्ये बदललं.

प्लगचं टोक ४५० अंशांच्या वर राहिलं की स्वतःवरचा कार्बन जाळून टाकतं आणि ८०० च्या वर गेलं की मिश्रण अवेळी पेटवायला लागतं. हीट रेंजचा सगळा खेळ या दोन आकड्यांच्या मधे राहण्याचा आहे. दोन किमीवर ऑफिस असेल, इंजिन कधीच नीट तापत नसेल तर चांगला प्लगही काळा पडतो. त्यासाठी गरम प्लग टाकू नका, आठवड्यातून एकदा पाम बीचला किंवा महामार्गावर सलग अर्धा तास चालवा.

नकली प्लग हा आमच्या धंद्यातला सगळ्यात संतापजनक प्रकार. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असो की तुमच्या घराजवळच्या दुकानात, फार स्वस्त मिळाला की थांबा. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवर अडकलेला असतो, फिरतो पण सहज निघत नाही. नकलीचा पटकन हातात येतो. मधलं टोक बाजूच्या टोकाच्या बरोबर मधोमध असतं. चिनीमातीवरची अक्षरं नखाने पुसली जात नाहीत. आट्यांना धार किंवा कच लागत नाही. आणि डबा उघडताच चारपैकी एकाचा गॅप वेगळा दिसला तर दुकानातच परत करा.

इरिडियम घ्यावं का? इरिडियमचा वितळणबिंदू २,४४६ अंश, निकेलचा १,४५५. मधलं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक करता येतं आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते. सीएनजीला याचा खरा फायदा आहे, कारण तिथे मागणीच जास्त आणि झीज हळू हवी. पिकअप वाढेल, मायलेज उडी मारेल अशी आशा धरून मात्र घेऊ नका. तुमच्या इंजिनसाठी कंपनीने दिलेला इरिडियमचा नंबर असेल तरच घ्या.

तीन_हात_नाका

गॅपचं राहिलं. कंपनी फिटेड सीएनजी आहे, तेव्हा मॅन्युअलमधला गॅप तोच अंतिम. बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोल गाडीत मूळ गॅपपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवायची पद्धत आहे आणि ती कारणाशी धरून आहे. ‘गॅप डब्यातून बरोबरच येतो’ यावर विसंबू नका, वाहतुकीत डबा आपटतो. निकेल प्लगमध्ये बाजूचं टोक हलकं वाकवून गॅप जुळवा, मधल्या टोकावर काहीही टेकवून तरफ करू नका. इरिडियममध्ये फिलर गेजसुद्धा जपून, मधलं टोक तुटतं. एखादा प्लग फरशीवर पडला तर तो बाद. वरून काही दिसत नाही, पण चिनीमातीत केसासारखी चीर जाते आणि नेमका चढालाच दगा देते.

जुन्या प्लगला तारेच्या ब्रशने घासून परत लावू नका. घासल्यावर धातूचे कण चिनीमातीत चिकटतात आणि ठिणगीला आयती वाट मिळते.

नेरूळ_पल्सर

मध्येच विचारतो, दुचाकीला हेच लागू का? पल्सर १५० आहे.

पारसिक_हिल

तत्त्व तेच, पण दुचाकीच्या प्लगचे आटे बहुतेक वेळा १० मिमीचे असतात, म्हणून १० ते १२ न्यूटन-मीटर, त्यापुढे नाही. गाडीबरोबर मिळालेला टी-पाना मोठा असतो, दोन्ही हातांनी दाबला तर आटे गेलेच समजा. दोन बोटांनी धरून आवळा. पल्सर १५० डीटीएस-आय मध्ये दोन प्लग आहेत, एकच बदलून दुसरा तसाच ठेवतात, दोन्ही बदला. एनएस २०० मध्ये तर तीन. बाजूचा प्लग पावसात चिखलाने माखलेला असतो, काढण्याआधी हवा मारायची वर सांगितलेली गोष्ट दुचाकीला दुप्पट लागू.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे आभार. काम केलं, निरीक्षणं लिहिते. आटे १२ मिमीचे निघाले. अदलाबदल केल्यावर पुलाच्या चढाला कोड पी०३०३ आला, म्हणजे कॉइलबरोबर गेला. जुन्या प्लगचे गॅप फिलर गेजने १.३०, १.४० आणि १.३५ आले, मधल्याचा सगळ्यात जास्त. टोकांचा रंग तिन्हींचा फिका तपकिरी-राखाडी. पण मधल्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे. तिन्ही प्लगवर लोखंडी अंगाजवळ तपकिरी पट्टाही दिसतो. पहिल्या सिलिंडरच्या विहिरीच्या तळाला ऑइलचा पातळ थर आहे. कॉइल नवी घ्यावी का? आणि ऑइलचं काय?

तीन_हात_नाका

छान टिपलंत. ती काळी रेघ हीच गोष्ट आहे. गॅप १.४० झाला, ठिणगीने फट सोडली आणि चिनीमातीवरून घसरत खाली आली. जिथून ती जाते तिथे कार्बनची वाट पडते आणि पुढच्या वेळी तीच वाट सोपी. बूटच्या आत टॉर्च मारून बघा, तशीच काळी रेघ किंवा राखाडी ठिपका रबरावर समोरासमोर दिसेल. कोड कॉइलबरोबर सरकला याचं कारण बहुधा हा बूटच आहे, कॉइलचं आतलं वाइंडिंग नव्हे. नुसते नवे प्लग टाकून हाच बूट परत लावला तर ठिणगी नव्या चिनीमातीवरही त्याच वाटेने जाईल आणि काही हजार किमीत पुन्हा हेच रामायण. काही कॉइलचा बूट आतल्या स्प्रिंगसकट वेगळा मिळतो, आधी तो विचारा. मिळाला नाही तर ती एक कॉइल पूर्ण बदला, तिन्ही बदलायची गरज नाही. उरलेल्या दोन बूटांच्या आतही बघा आणि कोरड्या फडक्याने पुसा.

लोखंडी अंगाजवळचा तपकिरी पट्टा निरुपद्रवी आहे. जास्त व्होल्टेजने हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात. लोक तो बघून गॅस गळतोय म्हणून घाबरतात, तसं नसतं.

टोकांचा रंग म्हणजे इंजिनची तब्येत चांगली. काळी कोरडी काजळी असती तर मिश्रण जाड किंवा इंजिन कमी तापतंय. ओली तेलकट काळी असती तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढरंफटक, टोकाला दाणे आलेलं असतं तर प्लग फार तापतोय, तेव्हा हीट रेंज, सैल प्लग आणि पातळ मिश्रण या तिन्हींकडे बघावं लागलं असतं.

कळवा_खाडी

ऑइलचं मी सांगतो. ते सिलिंडरमधून आलेलं नाही, वरून टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा प्लगच्या नळीभोवतीच्या सीलमधून झिरपलं आहे. पातळ थर आहे तोवर घाई नाही, पण रबरी बूट ऑइलमध्ये भिजत राहिला की फुगतो, मऊ होतो आणि मग पहिल्या सिलिंडरला हीच काळी रेघ येईल. आत्ता काडीला फडकं गुंडाळून ऑइल टिपून घ्या, प्लग काढण्याआधीच, म्हणजे ते सिलिंडरमध्ये जाणार नाही. पॅकिंग आणि नळीची सीलं एकाच वेळी बदलतात. कव्हरचे बोल्ट छोटे असतात, मॅन्युअलमधला टॉर्क आणि क्रम पाळला तरच पॅकिंग टिकतं. महिन्याभराने पहिली कॉइल काढून परत बघा, थर वाढला असेल तर पावसाळ्याच्या आत करून घ्या.

पावसाळ्याचं विशेष एवढ्यासाठी की सर्व्हिसच्या वेळी इंजिन प्रेशरने धुतात आणि पाणी याच विहिरींत उतरतं. विहिरीत पाणी आणि बूट सैल असेल तर सकाळी पहिल्या सेल्फला गाडी दोन सिलिंडरवर चालू होते. धुणाऱ्याला बॉनेटखाली पाण्याची तोटी लावू नका असं आधीच सांगा, ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी पुरे.

पारसिक_हिल

आटे १२ मिमीचे, म्हणजे तुमच्यासाठी १५ ते २० न्यूटन-मीटर. १४ मिमीचा आकडा डोक्यातून काढून टाका. नवे प्लग बसवताना एक्स्टेन्शन सरळ उभा धरा, मध्ये स्विव्हल जॉइंट घालून आवळू नका, तिरका जोर पडला की चिनीमातीला चीर जाते.

ऐरोली_सेक्टर८

बूट स्प्रिंगसकट वेगळा मिळाला. मधल्या कॉइलच्या जुन्या बूटच्या आत तशीच रेघ होती, पहिल्या आणि तिसऱ्याचे साफ. मॅन्युअलच्या नंबरचे तीन नवे प्लग, गॅप तिन्हींचे मोजून, नळीने हाताने टेकवून मग शेजाऱ्यांकडच्या ५ ते २५ च्या टॉर्क रेंचने १७ न्यूटन-मीटरला आवळले. विहिरीतलं ऑइल आधी टिपून घेतलं. कोड पुसून सीएनजीवर ऐरोली पूल आणि नंतर गायमुखचा चढ, तिसरा गिअर, कमी आरपीएमवरून पूर्ण दाबून: एकही झटका नाही, स्कॅनरवर कोड नाही, पेंडिंग कोडही (अजून पक्का न झालेला, दिवा न लावणारा) नाही.

तीन_हात_नाका

पेंडिंग बघितलंत हे उत्तम. आणखी आठवडाभर, दोन-तीनदा पूर्ण गार इंजिन सुरू करून सीएनजीवर चढ चढवल्यावर पेंडिंग पुन्हा बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कराल तेव्हा मधला प्लग काढून चिनीमाती एकदा तपासा. स्वच्छ असेल तर त्याच वॉशरवर बारावा भाग फेरा, बस.